मदद कोणाकडे मागावी?

इजिप्तचा न्यूबियन गायक मोहम्मद मुनीर याचा ‘अल्-अर्द… अस्-सलाम’ (पृथ्वी… शांती) हा अल्बम 2002 साली आला, तेव्हा 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांमुळे इस्लामकडे जगभर संशयाने पाहिले जात होते आणि हजयात्रा करून आलेल्या मुनीरला आपल्या धर्मातील शांतिभाव गाण्यांतून मांडायचा होता. वाद मात्र पेटला तो त्यातील एका गीतावरून, कारण त्यात ‘मदद’, म्हणजे आध्यात्मिक साहाय्य, थेट पैगंबर मुहम्मदांकडे मागितले होते; त्या गीताची चित्रफीत काही काळ इजिप्तच्या दूरचित्रवाणीवर दाखवलीच गेली नाही.

हा आक्षेप किरकोळ म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. तौहीद, म्हणजे ईश्वराचे निरपवाद एकत्व, हा इस्लामचा पाया आहे आणि जे केवळ ईश्वराकडे मागायचे ते दिवंगताकडे मागणे म्हणजे या पायालाच धक्का, असे धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू 1328) याने निक्षून सांगितले. उलट, ईश्वराची करुणा भाकताना पैगंबराला मध्यस्थ धरणे, ज्याला ‘तवस्सुल’ म्हणतात, ते सूफींनी आणि अनेक विद्वानांनी ग्राह्य मानले. तेराव्या शतकातल्या कवी बूसीरीच्या ‘बुर्दा’ या स्तोत्रात पैगंबराचा धावा आहे आणि ते आजही भक्तिभावाने म्हटले जाते. तेव्हा गाण्यातले शब्द नवे नव्हते. नवे होते ते त्यांचे बाजारात आणि पडद्यावर येणे.

या अल्बमचे बळ मुनीरच्या किंचित खरखरीत, आर्जवी आवाजात आहे. न्यूबियाची लोकलय अंगी मुरलेली असल्याने त्याच्या तोंडी भक्ती उसनी वाटत नाही. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. इजिप्तमधील तंता येथे सय्यद अल्-बदवीच्या मौलिदात, म्हणजे संताच्या उत्सवात, मुन्शिद (भक्तिगीते गाणारा) समोरच्यांचे चेहरे पाहत गातो, एखादी ओळ लोकांना भिडली की ती घोळवत राहतो, अंगे डोलू लागली की लय चढवतो, आणि त्यामुळे गाणे केव्हा संपणार हे त्यालाही आधी ठाऊक नसते. ध्वनिमुद्रित गीताची लांबी आणि चढउतार मात्र आधीच ठरलेले असतात. ‘समाअ’, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी केलेले संगीतश्रवण, योग्य काळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती यांवाचून सिद्ध होत नाही, हे सूफी जुनैदचे मत धर्मपंडित गझालीने (मृत्यू 1111) ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात नोंदवले आहे. गाडीत किंवा लग्नमंडपात वाजणाऱ्या गीताला यांतली एकही गोष्ट हमखास लाभत नाही.

म्हणून हे गीत प्रार्थनेची ओढ जागवते, पण तिला पुरेसा अवकाश देत नाही. आक्षेपकांनी रोखलेल्या शब्दांपेक्षा हीच त्याची खरी मर्यादा आहे.