आठी कुणाची?

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "दादा, भुवयांमधल्या या आठ्या मी सुईनं घालवणार आहे. ओवाळणी त्यासाठीच साठवतेय."

मी मास्तरी थाटात म्हणालो, "सुरकुती ही आयुष्यानं केलेली सही. ती खोडू नये."

"आणि तू मिशांना कलप लावतोस, तेव्हा कुणाची सही खोडतोस?"

मी गप्प झालो. मग थोडं वाचलं. नीट न टिकवलेल्या अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचं हे विष, बोट्युलिनम. त्याचा अत्यल्प अंश स्नायूत टोचला, की आकुंचनाचा निरोप मज्जातंतूकडून पोचत नाही. स्नायू सैलावतो, आठी मावळते. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा पोचू लागतो. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स हे औषध पापण्या आवळण्याच्या विकारावर देत असत. १९८७ साली एका रुग्ण स्त्रीमुळे त्याचा हा गुण ध्यानात आला. त्वचारोगतज्ज्ञ पतीसह त्यांनी १९९२ साली निबंध छापला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली मान्यता मिळाली.

म्हणजे विषाचं औषध झालं. पण माझा प्रश्न औषधाचा नव्हता.

बहीण बँकेत खिडकीवर बसते. समोरचा रोज विचारतो, "मॅडम, रागावलात का?" कानडी गिऱ्हाईक म्हणतं, "याक्री मॅडम, सिट्ट बंतेन्री?" मनात राग नसताना चेहरा राग सांगतो. मग खोटं कोण बोलतं, सुई की आठी? शेजारच्या खिडकीवरच्या आठ्याळ साहेबांना मात्र हे कुणी विचारत नाही. बदलायला हवी ती बघणाऱ्याची नजर, हे खरं. पण ती बदलेपर्यंत बहिणीनं रोज खुलासे देत बसायचं का?

सुरकुत्यांचं कौतुक मी आईकडे पाहून शिकलो. आज आठवतं, त्यातल्या निम्म्या चुलीच्या धुरात डोळे बारीक करून पडल्या होत्या. आम्ही त्या रेघांना माया म्हणालो आणि घरात गॅस मात्र फार उशिरा आणला. दुसऱ्याच्या सोसण्याला सौंदर्य म्हणणं किती सोयीचं असतं!

यंदाचं पाकीट भरून ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते ती ठरवील. डॉक्टर जाणता असावा, एवढं सांगेन. आणि आणखी एक: रागवावं असं खरंच काही घडलं, तर आता ते आठीवर सोपवू नकोस, तोंडानं सांग. मलासुद्धा.