मिक्सरमधून आवाज घेताना

मैफलीला अजून अवकाश आहे. रेकॉर्डर टेबलावर ठेवा, केबल हातात घ्या, पण लगेच खोचू नका. शेजारी साउंडवाल्याचा मिक्सर आहे. त्याला विचारल्याशिवाय कुठल्याही बटणाला बोट लावायचं नाही, एवढं आधी ठरवून टाका.

आता केबलचं टोक निरखा. एक्सएलआरच्या गोल तोंडात तीन पिना. पहिली ग्राउंडची. दुसरीतून आवाज जातो, तिसरीतून तोच आवाज, पण उलटा. वाटेत दिव्यांच्या डिमरची खरखर दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पलीकडे रेकॉर्डर दोहोंतला फरक तेवढा घेतो. उलट असतं ते दुप्पट होतं, सारखं असतं ते वजा होतं. खरखरीला कुणी अडवलेलं नाही, येऊ दिलं आहे. इथे जरा रेंगाळा. तबला अजून लागतोच आहे.

मग खरा प्रश्न. आवाज कुठून घ्यायचा? पटकन सुचतो मेन आऊट, म्हणजे सभागृहाच्या स्पीकरकडे जाणारा. डोळे मिटा आणि छोट्या सभागृहात त्या तारेतून काय वाहतंय ते आठवा. हार्मोनियम आणि तबला आपल्याच ताकदीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, म्हणून मिक्सरवरच्या त्यांच्या सरकपट्ट्या, म्हणजे फेडर, खाली. गळा पोचत नाही, म्हणून त्याचा वर. सभागृहाला जे कमी पडतं तेच मेन आऊटमध्ये जास्त. घरी ऐकाल तेव्हा गायक कानाशी आणि तबला शेजारच्या इमारतीत! साउंडवाल्याचं यात काही चुकत नाही. तो सभागृहासाठी काम करतोय, तुमच्यासाठी नाही. म्हणून एखादा ऑक्स, म्हणजे मिक्सरचा वेगळा जादा आउटपुट, मोकळा आहे का ते विचारा आणि तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा आवाज घेणारा, करून मागा. मग फेडर कितीही हलले तरी तुमचं प्रमाण तसंच राहतं. गेन फिरवला तर मात्र तुमच्याकडेही फरक पडणार. शिवाय रेकॉर्डरचे स्वतःचे माइक वेगळ्या ट्रॅकवर चालू ठेवा. समेवरची दाद ऑक्समध्ये नीट येत नाही, आणि दादेविना ठुमरी मला तरी कोरडी लागते.

रेकॉर्डरचं इनपुट ‘लाइन’वर आहे ना? माइक देतो काही मिलिव्होल्ट, व्यावसायिक मिक्सर साधारण 1.23 व्होल्ट. ‘माइक’वर राहिलं तर आवाज फाटेल. माइकला वीज पुरवणारं 48 व्होल्टचं फँटमही बंद.

आता हेडफोन लावा आणि कुणी गात नसताना ऐका. खाली 50 हर्ट्झचा घूं आहे का? असेल तर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. अर्थिंगची पिन काढणं हा आपल्याकडचा लाडका इलाज, आणि तो जिवावर बेतू शकतो.

तबलजींना जोरात वाजवायची विनंती करा. काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. साउंडचेकला सगळेच हात राखून वाजवतात, द्रुत सुरू झाली की चढतात. 24 बिटमध्ये तेवढी जागा सोडायला काहीच हरकत नाही.

रेकॉर्डचं बटण दाबा. बऱ्याच रेकॉर्डरवर पहिल्या दाबाला लाल दिवा नुसता लुकलुकतो. सेकंदांचे आकडे धावू लागतात ते दुसऱ्या दाबाला.