रुग्णाच्या ऋणावर व्याज घ्यावे काय?



वंदनेनंतर विहारात क्वचितच विचारला जाणारा, पण आपल्या घराघरांत उभा असलेला एक प्रश्न आज विचारात घेऊ. माणूस आजारी पडला, इस्पितळाचे बिल त्याला भागविता आले नाही. तर त्या थकलेल्या रकमेवर व्याज घेणे न्याय्य आहे काय?

आपण म्हणाल, आमच्या भंडारा जिल्ह्यात इस्पितळे बिलावर व्याज लावीत नाहीत. बहुतेक बिलांवर तो शब्द दिसणार नाही, हे खरे. पण नीट पाहा. पवनी किंवा लाखांदूरच्या खेड्यातून रुग्णाला नागपूरला न्यावे लागते. खाजगी इस्पितळात आधी अनामत मागतात. धानाचा पैसा घरात येतो हंगामाला. आजार काही रोवणी-कापणी पाहून येत नाही. मग घरचा कर्ता रातोरात गावाकडे धावतो. सावकार शेकडा पाच महिना सांगतो. घरची बाई बचत गटातून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज उचलते. बिल इस्पितळाचे आणि व्याज दुसऱ्याच्या वहीत! कागद दोन झाले म्हणून प्रश्न बदलला काय?

हिशेब करून पाहा. शेकडा पाचने घेतलेल्या ५०,००० रुपयांवर महिन्याला २,५०० रुपये व्याज होते. वीस महिन्यांत व्याजच ५०,००० भरते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. रुग्ण बरा होऊन कामाला लागला तरी त्याची मजुरी आजाराच्याच पोटात जाते.

तथागतांनी याविषयी काय सांगितले? अंगुत्तर निकायातील इण सुत्तात त्यांनी दुःखाची एक साखळीच उलगडून दाखविली आहे. दारिद्र्य हे दुःख. दारिद्र्यामुळे काढलेले ऋण हे दुःख. त्या ऋणावर कबूल केलेले व्याज हेही दुःख. मग तगादा, पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आपल्या गावातले वाटत नाही काय?

मग तथागत सर्वच कर्जाच्या विरुद्ध होते काय? नाही. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात ते एका माणसाची उपमा देतात. तो कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, तो कर्ज फेडतो आणि बायको-मुलांसाठी चार पैसे उरवितो. त्याला आनंद होतो. त्याच ठिकाणी दुसरी उपमा आजारातून उठलेल्या माणसाची आहे आणि तिसरी तुरुंगातून सुटलेल्याची. एकेका दुःखातून सुटण्याचे हे आनंद आहेत. आपला माणूस मात्र आजारातून सुटतो आणि त्याच दिवशी ऋणात अडकतो. बिलापायी रुग्णाला अडवून ठेवले, तर तुरुंगही त्याच इमारतीत!

येथेच प्रश्नाचे उत्तर आहे. बियाण्यासाठी घेतलेल्या कर्जातून बांधीत पीक उभे राहते. त्या पिकातला वाटा कोणी मागितला तर ते समजू शकते. आजारासाठी घेतलेल्या कर्जातून कोणते पीक येते? रुग्ण नफ्यासाठी कर्ज काढीत नाही, जीव वाचावा म्हणून काढतो. नाही म्हणण्याची मोकळीक त्याला नसते. जेथे वाढ नाही तेथे वाढ मागणे म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेला आपले शेत बनविणे होय.

इस्पितळ चालविणारा विचारील, 'यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मी भरतो. डॉक्टर-परिचारिकांचे पगार कोठून देऊ?' हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. वैद्याने मोबदला घेऊ नये असे धम्म म्हणत नाही. जीवकाने साकेतच्या श्रेष्ठीच्या घरून सोळा हजार नाणी घेतली. पण उपचाराआधी त्याने त्या घरच्या बाईला काय सांगितले? आधी काही देऊ नका. बऱ्या झालात की इच्छेला येईल ते द्या. इस्पितळाने आपला खर्च दरात धरावा, दर आधी सांगावा, फेडीला मुदत द्यावी. मात्र ज्याला देताच येत नाही त्याच्या लाचारीवर चक्र फिरवू नये. अमेरिकेत वैद्यकीय कर्जावर व्याज चढते. तेथील अ‍ॅरिझोना राज्याच्या मतदारांनी २०२२ साली त्याची कमाल मर्यादा १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली. तेथील सामान्य माणसालाही हे अन्यायाचे वाटले.

आपलेही कर्तव्य आहे. ऐपत असून बिल बुडविणे हा दुसऱ्या शीलाचा भंग होय. मुद्दल फेडले पाहिजे. पण आपला हक्कही माहीत असावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक उपचार विनामूल्य होतात. भरती होतानाच शिधापत्रिका दाखवून चौकशी करा. थकबाकीसाठी मृतदेह अडविता येत नाही. २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते.

आता एक कटू गोष्ट. शेकडा पाचने पैसे देणारा प्रत्येक वेळी परकाच असतो काय? आपल्यातला नोकरदार भाऊ, पेन्शनवाले काका, गटातली हिशेबी बाई यांपैकी कोणीच आजाऱ्याकडून व्याज घेत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? सकाळी पंचशील म्हणावे आणि संध्याकाळी चुलतभावाच्या शस्त्रक्रियेवर व्याज मोजावे, हे सम्यक आजीविकेत बसते काय?

उपाय आपल्या हातात आहे. प्रत्येक विहाराने एक रुग्णनिधी उभारावा. घरटी महिन्याला ऐपतीप्रमाणे थोडी रक्कम जमा करावी. वही सर्वांना पाहण्यास उघडी असावी. त्यातून आजारासाठी उसने द्यावे, फेडीला हंगामापर्यंत मुदत द्यावी आणि व्याज एक पैसाही घेऊ नये. आपल्याच जिल्ह्यात, पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. अनेकांच्या वाट्यातून तो उभा राहिला.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, आणि रुग्णाची सेवा तीच माझी सेवा असे भिक्खूंना समजावले. तेव्हा यापुढे कोणी आजारासाठी पैसे मागायला आपल्या दारी आला, तर दर सांगण्यापूर्वी एवढे आठवा.