भीड आणि परवाना

भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. ज्या मनुष्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं तो उसनें देतो, जामीन राहतो, आणि शेवटीं स्वतःच दुसऱ्याच्या दारीं उभा राहतो, असा या म्हणीचा भावार्थ. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, भीड ज्याची, भीक त्यालाच. भिडस्ताच्या पदरीं त्याच्याच भिडेचें फळ पडतें, म्हणून त्याची आपण फार तर कींव करतों. त्याची निंदा करीत नाहीं. आज ज्या भिडेचा विचार आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, ती मात्र निराळी आहे. ती एकानें बाळगावी आणि तिची किंमत भलत्यानेंच मोजावी, असा तिचा व्यवहार आहे. गांवच्या कारभाऱ्याची भीड ती ही.

विचार हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळुणाहून संगमेश्वराकडे निघालें म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर सावर्डे लागतें. गांव म्हणावें तर गांव, बाजारपेठ म्हणावी तर बाजारपेठ. कोंकण रेल्वेचें स्थानक येथें आहे. गोविंदराव निकमांच्या सह्याद्रि शिक्षण संस्थेमुळें दूरदूरचीं मुलें येथें शिकावयास येतात. जवळच डेरवणचें मोठें रुग्णालय आहे, तेव्हां रोग्यांचे नातलगहि या वाटेनें येतात-जातात. अशा ठिकाणीं खाणावळी निघतात, चहाचीं दुकानें निघतात, भाड्याच्या खोल्या निघतात, आणि खैराच्या लांकडापासून कात काढण्याचा या भागांतील जुना धंदाहि चालतो. या सर्वांवर नजर ठेवण्याचें पहिलें काम कोणाचें? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या सूचींत पिण्याचें पाणी, दिवाबत्ती, गटारें, बाजार यांच्याबरोबरच चहा-दुधाच्या दुकानांचें नियमन आणि उपद्रवकारक धंद्यांना आळा घालणें, हींहि पंचायतीच्या कक्षेंतील कामें म्हणून आलीं आहेत. म्हणजे गांवानें आपल्याच माणसांवर नजर ठेवावयाची आहे. आमचा प्रश्न येथेंच सुरू होतो.

समजा, अशाच एखाद्या गांवीं रस्त्याकांठीं एक खाणावळ आहे. तिचें खरकटें आणि सांडपाणी मागच्या पऱ्ह्यांत जातें. खाणावळवाला कांहीं दुष्ट मनुष्य नव्हे. शिमग्याला पालखी त्याच्या अंगणांत थांबते, आणि कोणाच्या घरीं मयत झालें तर रात्रीं-बेरात्रीं पहिला धांवणारा तोच. पंचायतीचा सदस्य त्याच्याच भावकींतला. सदस्याला घाण दिसते, तिचा वासहि येतो. परंतु उद्यां त्याच्याच मुलीच्या लग्नांत वाढावयास हीच माणसें उभीं राहणार आहेत. तो मनाशीं म्हणतो, "एवढ्या तेवढ्यासाठीं दादाला कागद कसा द्यावा?" आणि कागद निघत नाहीं. या सदस्यानें लाच घेतलेली नाहीं, खोटी सही केलेली नाहीं. त्यानें फक्त मान राखला. मग अपराध कोठें झाला, आणि कोणाचा?

या प्रश्नाचें महत्त्व कळण्यासाठीं परवाना या वस्तूचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांव-गाडा' लिहून जुन्या गांवाचें जें चित्र काढलें, त्यांत वतनदार, बलुतेदार, अलुतेदार सर्व आहेत. पण ज्याला आपण परवाना म्हणतों तो त्या गाड्यांत फारसा आढळत नाहीं. कोणीं कोणता धंदा करावयाचा हें जन्मानें ठरलें असल्यावर परवानगी मागणार कोण आणि देणार कोण? कोंकणांत तर खोत बसलेला. त्याच्या मर्जीशिवाय कुळाला जमिनीवर सुखानें नांदणें कठीण, आणि ती मर्जी कोणत्याहि कागदावर लिहिलेली नव्हती. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें, आणि १९४९ सालीं ती नष्ट करणारा कायदा झाला. आमच्या मतें परवान्याचें खरें नैतिक मूल्य या पार्श्वभूमीवरच उमगतें. मर्जी ही तोंड पाहून मिळते. परवाना हा अटी पुऱ्या केल्या कीं कोणालाहि मिळावा लागतो. मर्जीबद्दल उपकार मानावे लागतात. परवान्याबद्दल मानावयाचे नसतात. आमच्या लोकांच्या तोंडीं मात्र अजून "साहेबांनीं काम करून दिलें" हीच भाषा आहे. खोत गेला, पण खोताच्या ओटीवरचें बोलणें कचेरींत येऊन बसलें.

आतां भिडेवर दोन उपाय सुचविले जातात. पहिला असा कीं, देखरेखीचें काम गांवाच्या हातून काढून दूरच्या अधिकाऱ्याकडे द्यावें. त्याला ना भावकी, ना सोयरीक. अन्नाच्या बाबतींत २००६ च्या कायद्यानें, प्रदूषणाच्या बाबतींत त्यासाठीं नेमलेल्या मंडळानें पुष्कळसें असेंच झालें आहे. मिल्ल या इंग्रज तत्त्वज्ञानें प्रातिनिधिक राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत (१८६१) असें प्रतिपादिलें आहे कीं, सत्ता स्थानिक असावी, परंतु ज्ञान मध्यवर्ती ठिकाणीं सांठवावें. मोठ्या तत्त्वांच्या ज्ञानापुरतें हें खरें असेल. परंतु नजर ठेवावयास लागणारें ज्ञान तत्त्वांचें नसतें, तें तपशिलाचें असतें. खैराचा गाभा तासून, तो पाण्यांत उकळून, आटवून कात निघतो; मागें राहतें तें लालसर काळें पाणी. असें पाणी कोणी अपरात्रीं ओढ्यांत सोडलें, तर पहांटे तेथें धुणें घेऊन जाणाऱ्या बाईला तें प्रथम कळणार. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारा अधिकारी दुपारीं पोंचेल तोंवर पाणी वाहून गेलेलें असतें. ज्याला भीड नाहीं त्याला माहिती नाहीं, आणि ज्याला माहिती आहे त्याला भीड आहे, असा हा पेंच आहे.

दुसरा उपाय याच्या उलट: सर्व कांहीं गांवावर सोपवावें, गांव आपलें आपण पाहून घेईल. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव काढतांना, कारभार अधिक चांगला होईल म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळेल म्हणून हें करावयाचें, असें स्पष्ट केलें होतें. हेतु उदात्त होता. पण गांव कोणाचें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. याच महामार्गावर उत्तरेस महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे, असा रावबहादुर बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत झाला. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचा ठरावहि केला. ठराव झाला, पण तळें खुलें झालें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हां त्या ठरावाला प्रथम अर्थ आला. आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत त्याच नगरपालिकेनें तो ठराव मागें घेतला. पुढें न्यायालयांत निकाल लागण्यास १९३७ साल उजाडलें. नगरपालिकेला कोणाची भीड पडली, हें सांगावयास नकोच. जीं माणसें रोज भेटत होतीं, ओटीवर बसत होतीं, मतें देत होतीं, त्यांची पडली. ज्यांना त्या ओटीवर पाय ठेवतां येत नव्हता त्यांची भीड पडण्याचें कारणच नव्हतें.

आमच्या मतें या उदाहरणांत भिडेचें सारें मर्म सांपडतें. भीड मुळांत वाईट नाहीं. समोरच्याचें मन दुखवूं नये ही इच्छा नसेल तर गांव एक दिवसहि नांदणार नाहीं. तिचा दोष एवढाच कीं तिची दृष्टि आखूड आहे. तिला समोरचा चेहरा दिसतो. मागचा दिसत नाहीं. आमच्या खाणावळीच्या गोष्टींत समोर दादा आहे; परंतु पऱ्ह्याच्या खालच्या अंगाला ज्या वाडीची विहीर आहे ती वाडी समोर नाहीं. रुग्णालयांत बाप निजलेला आहे म्हणून दोन घांस खाऊन पुढें जाणारा प्रवासी समोर नाहीं. वसतिगृहांतील मुलगा समोर असला तरी त्याचें येथें मत नाहीं. हे सर्व गैरहजर लोक आहेत. नियम, अट, तपासणी, परवाना हें सर्व त्या गैरहजर माणसांची भीड बाळगण्याचें साधन होय. परवाना म्हणजे धंदेवाल्यानें अनोळखी माणसाला दिलेलें वचन, आणि त्या वचनाला जामीन राहिलेली असते पंचायत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे कळतें कीं आमच्या सदस्यानें दादाचा मान राखला नाहीं. त्यानें दुसऱ्याच्या विहिरीवर स्वतःचा मान राखला. हें औदार्य नव्हे. परक्याच्या पैशानें केलेलें अन्नदान जितकें पुण्याचें, तितकीच ही भीड सौजन्याची.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. लोक म्हणतील, परवान्याचा असा गौरव करूं नका. परवाना हें पुष्कळ ठिकाणीं गरिबाला नाडण्याचेंच हत्यार झालें आहे. वडापावची गाडी लावणाऱ्या बाईला दहा कागद मागावयाचे आणि मोठ्या भट्टीकडे डोळेझांक करावयाची, हा अनुभव कोणाला नाहीं? सरकारालाहि हें पटलेलें दिसतें. म्हणूनच २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें दहांहून कमी कामगार असलेल्या धंद्यांना नोंदणीऐवजीं केवळ सूचना देण्याची मोकळीक दिली. तें योग्यच झालें. परंतु या आक्षेपानें आमचें म्हणणें खोडलें जात नाहीं, उलट पुरें होतें. गाडीवालीला नाडणें आणि भट्टीला सोडणें या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ती एकच तोंडदेखली रीत आहे. जिचें वजन नाहीं तिच्यावर नियम चालतो, ज्याचें वजन आहे त्याच्यापुढें भीड चालते. कागद कमी करावे, अवश्य करावे. पण जो उरेल तो तोंड न पाहतां लागू करावा.

मग व्हावें काय? आम्हांला दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी कीं, नजर ठेवणाऱ्यानें आधीं स्वतःवर नजर ठेवूं द्यावी. महाराष्ट्रांत पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांची पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देण्याची पद्धति आहे. ज्या पंचायतीच्या टांकींत वेळेवर औषध पडत नाहीं, तिनें खाणावळीच्या मोरीकडे कोणत्या तोंडानें बोट दाखवावें? आपलें कार्ड चावडीच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असें लावावें, आपल्या विहिरीची झडती प्रथम द्यावी, आणि मग दादाकडे जावें. ज्यानें स्वतःची चूक उघडी मांडली, त्याला दुसऱ्याची सांगतांना तितकी भीड पडत नाहीं.

दुसरी अशी कीं, भीड मोडण्याचें ओझें एकट्या माणसावर टाकूं नये. एकटा सदस्य दादासमोर उभा राहूं शकत नाहीं, ही त्याची नामर्दुमकी नव्हे. तो मनुष्यस्वभाव आहे. पण नियम पाटीवर लिहिला असेल, तपासणीची तारीख सर्वांना ठाऊक असेल, निकाल ग्रामसभेंत वाचला जात असेल, तर "मी नाहीं दादा, कागदच म्हणतो" असें सांगण्याची सोय त्याला मिळते. दारूच्या दुकानांबाबत आपल्या राज्यानें २००८ सालीं हीच युक्ति योजली. गांवांतील निम्म्यांहून अधिक महिला मतदारांनीं गुप्त मतदानानें बाटली आडवी केली तर दुकान बंद होतें. या योजनेंतील शहाणपण 'गुप्त' या शब्दांत आहे. नवरा, दीर, सासरा यांच्यासमोर हात वर करणें जिला अशक्य, तिला पडद्याआड शिक्का मारणें शक्य होतें. भीड नाहींशी केली नाहीं. तिला वळसा घातला. ग्रामसभेआधीं महिलांची सभा घेण्याचा नियमहि याच जातीचा आहे. ती सभा कागदावरच होते कीं खरोखर भरते, यावरून त्या गांवाची परीक्षा करावी.

एवढें करूनहि एक क्षण असा उरतोच कीं, जेव्हां कोणी तरी जाऊन दादाच्या दाराशीं उभें राहावें लागतें. तो क्षण कोणताहि कायदा टाळूं शकत नाहीं. त्या वेळीं कडक बोलावें असें आमचें म्हणणें नाहीं. चहा घ्यावा, मुलाबाळांची चौकशी करावी, मग कागद पुढें करावा आणि पऱ्ह्याच्या खालच्या वाडीचें नांव घ्यावें. दादा रागावेल, कदाचित् पुढच्या लग्नांत वाढावयास येणार नाहीं. परंतु त्या वाडीच्या पाण्याची आठवण त्याच्या अंगणांत कोणीं तरी काढली पाहिजे होती. ती काढण्यासाठींच गांवानें त्या सदस्याला निवडलें आहे.