शरीराचें वजन आणि ताटांतला वाटा

"ज्याचें पोट त्याचा प्रश्न," असें आपण सहज बोलून जातों. कोणी लठ्ठ झाला तर तो खादाड म्हणून हंसण्याचा विषय होतो. कोणास मधुमेह जडला तर "त्यानें जिभेला आवर घातला नाहीं," असें शेजारी म्हणतात. याच्या उलट कित्येक असें मानितात कीं, देहाची ठेवण जन्माबरोबर येते, तींत मनुष्याचें कांहीं चालत नाहीं. तेव्हां काय खावें आणि काय खाऊं नये याचा विचार करणें व्यर्थ होय. पहिला पक्ष सर्व भार खाणाऱ्यावर टाकितो, दुसरा तो कोणावरच टाकीत नाहीं. या दोहोंत खरें कोणतें? हा प्रश्न केवळ वैद्यांचा नव्हे, तो नीतीचाही आहे. कारण ज्याच्यावर आपण दोष ठेवितों त्यालाच कर्तव्यही नेमून देतों, आणि बाकीचे सर्व मोकळे होतात.

प्रथम आपल्या डोळ्यांवर किती भरंवसा ठेवावा हें पाहूं. गांवांत भरल्या अंगाचा मनुष्य "खाऊनपिऊन सुखी" आणि किडकिडीत मनुष्य "काटक" समजला जातो. यापेक्षां बरें माप असें आहे: वजनाचे किलो घेऊन त्यांस उंचीच्या मीटरांनीं दोन वेळां भागावें. ही रीत बेल्जमचा गणिती केटले यानें १९ व्या शतकांत काढिली. १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचें वजन ५८ किलो असेल तर भागाकार सुमारें २२.७ येतो. तो १८.५ च्या खालीं असल्यास मनुष्य कृश, व २५ किंवा अधिक असल्यास वजन प्रमाणाबाहेर समजावें. आशियांतील लोकांच्या बाबतींत २३ पासूनच सावध व्हावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें नेमिलेल्या तज्ज्ञांनीं २००४ सालीं सांगितलें.

परंतु हें मापही सर्व सत्य सांगत नाहीं. त्याच सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं लॅन्सेट ह्या वैद्यकपत्रांत आपलें दोघांचें छायाचित्र दिलें. दोघांचा भागाकार २२.३ असाच होता. पण युडकिन ह्यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिक ह्यांच्या अंगांत शेंकडा २१.२ निघाली. म्हणजे दिसण्यांत बारीक असलेला हिंदी मनुष्यही आंतून बारीक असतोच असें नाहीं. म्हणून कमरेचा घेरही मोजावा. तो पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांहून अधिक नसावा. पोटांतील इंद्रियांभोवतीं चरबी साचली कीं, रक्तांतील साखर शरीराच्या कामीं लावणारा इन्शुलिन हा रस निष्प्रभ होऊं लागतो. मग साखर चढते, पुष्कळदां रक्तदाबही वाढतो; आणि वजन फार झाल्यास गुडघे दुखतात, चढ चढतांना धाप लागते. उलट पक्षीं, कृश व रक्तहीन शरीर लवकर थकतें, त्याच्या जखमा लवकर भरत नाहींत, आणि क्षयासारखा रोग त्याला सहज गांठतो. हीं दोन्ही दुःखें आज एकाच देशांत, कधीं एकाच छपराखालीं नांदतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा १८.७ कृश, शेंकडा २४ प्रमाणाबाहेर वजनाच्या आणि शेंकडा ५७ अंगांत रक्त कमी असलेल्या आढळल्या.

आतां दोषाच्या प्रश्नाकडे वळूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील ह्याच डॉ. याज्ञिकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा गांवांतील गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. त्या स्त्रियांचें गरोदरपणापूर्वीचें वजन सरासरीनें ४२ किलोंच्या आसपास होतें, आणि त्यांचीं बाळें जन्मतः सुमारें २.७ किलोंचीं होतीं. इंग्लंडांतील बाळांशीं ताडून पाहतां असें दिसलें कीं, आपल्या बाळांचे हातपाय व स्नायू पुष्कळ लहान होते, परंतु धडावरची चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. म्हणजे वर सांगितलेली बारीक अंगांतील चरबी मातेच्या उदरांतच जमूं लागते. आणखी एक गोष्ट आढळली, ती ही कीं, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां घेत त्यांचीं मुलें जन्मतः मोठीं होतीं. तेव्हां पन्नाशीच्या ज्या गृहस्थाला आपण "जिभेचा गुलाम" म्हणतों, त्याच्या रोगाचें बीज कदाचित् त्याच्या आईच्या रिकाम्या ताटांत पडलें असेल. त्या ताटाबद्दल त्याला कोणता न्यायाधीश दोषी ठरवील?

मनोनिग्रहाविषयींही असाच सावधपणें न्याय करावा. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञानें ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. युद्धानें उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसें पोसावें हें शोधण्यासाठीं त्या तरुणांनीं हें स्वखुशीनें पतकरिलें. सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून ज्यांनीं हातीं शस्त्र धरण्याचें नाकारिलें, असे ते लोक होते. निश्चयांत ते कोणापेक्षां उणे नव्हते. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें, आणि त्याबरोबर त्यांचा स्वभावही पालटला. ते चिडखोर व उदास झाले, मित्रांना टाळूं लागले, रात्रंदिवस अन्नाचेंच चिंतन करूं लागले. कित्येक तर पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत. पुढें पोटभर अन्न मिळूं लागल्यावरही कित्येकांची भूक बरेच दिवस शमेना. ज्यांचा निश्चय सरकारपुढें ढळला नाहीं त्यांची ही गत, तर रोजच अर्धपोटीं राहणाऱ्या मनुष्याला हावरट म्हणण्यापूर्वीं आपण शंभर वेळां विचार करावा.

येथें कोणी म्हणेल, "तर मग दोष कोणाचाच नाहीं; आम्हीं मनास येईल तें खावें." हा तर्क खरा नव्हे. दोष मागें पाहतो, कर्तव्य पुढें पाहतें. नदीला पूर आला तो आपल्यामुळें नव्हे, तरी मुलांना उंचवट्यावर नेणें हें आपलेंच काम आहे. शिवाय, ज्याचें शरीर जन्मतः साखरेच्या रोगाकडे झुकलेलें आहे, त्याला सावधगिरीची गरज इतरांहून अधिक आहे. मात्र कर्तव्य सामर्थ्याप्रमाणें वांटलें जातें. ज्याच्या हातीं पैशांची पिशवी, ज्याच्या हातीं वाढण्याची पळी, त्याच्याकडे मोठा वाटा येतो. आणि जो मिळेल तें खातो त्याच्याकडे लहान.

ज्याला निवड करितां येते त्यानें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. चहांतील साखर हळूहळू कमी करावी. बाजाराहून मुलांसाठीं तळलेल्या पुड्या व गोड पेयें आणण्याऐवजीं पेरू, केळीं, भुईमुगाच्या शेंगा आणाव्या. दिवसांतून एका मनुष्याच्या पोटांत ५ ग्रॅमहून कमी मीठ जावें. लोणचें, पापड व खारे पदार्थ ह्यांतील मीठही त्यांतच धरावें. भाज्या व फळें मिळून निदान ४०० ग्रॅम असावीं, आणि त्यांत बटाटा मोजूं नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा उसळ, मेथी किंवा शेवग्याचा पाला आणि ताक, एवढें जेवण कोणत्याही मेजवानीस हार जाणार नाहीं. ज्यांचें काम बैठें आहे त्यांनीं आठवड्यांतून निदान १५० मिनिटें झपाट्यानें चालावें. वजन कारणावांचून उतरूं लागलें तर आनंद न मानितां डॉक्टरांकडे जावें. जे मधुमेहाचें औषध घेतात त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपास करूं नये.

परंतु ह्या सर्वांहून मोठी गोष्ट घराच्या पंगतींत आहे. पुष्कळ घरांत आधीं पुरुष जेवितात, मग मुलें, आणि शेवटीं भांड्याच्या तळाशीं उरेल तें सून खाते. ती गरोदर असली तरी हा क्रम मोडत नाहीं. ह्याला आपण मर्यादा म्हणतों, सुनेनें तो निमूटपणें सोसला म्हणजे तिची वाखाणणीही करितों. पण वरील सहा गांवांची साक्ष ऐकल्यावर हें नांव कसें टिकेल? तिच्या वाट्याची भाजी व दूध जो काढून घेतो, तो तिच्याबरोबर तिच्या नातवंडांच्याही आरोग्याला हात घालितो, आणि हें सर्व तो प्रेमानें वागत असतांनाच करितो, कारण ही चाल आहे आणि चालीकडे कोणी बोट दाखवीत नाहीं. म्हणून घरांतील सर्वांनीं एके वेळीं बसावें, निदान गरोदर स्त्रीचें व वाढत्या मुलीचें ताट आधीं वाढावें. ह्याला एक पैसाही अधिक लागत नाहीं. जे उपदेशक व शिक्षक घरोघरीं जातात, त्यांनीं हें आधीं आपल्या घरीं चालू करावें, मग सांगावें. लठ्ठ मनुष्याची थट्टा व कृश बाईची वाहवा ह्या दोन्ही गोष्टी मंडळींत बंद व्हाव्या.

काट्यावर मनुष्य एकटा उभा राहतो, परंतु त्यावर दिसणारा आंकडा पुष्कळांच्या हातांनीं लिहिलेला असतो. आज संध्याकाळीं चूल पेटेल तेव्हां आपल्या घरांतली पळी कोणाच्या ताटाकडे आधीं वळते, एवढें प्रत्येकानें पाहावें, आणि जेथें पालट हवा तेथें तो त्याच जेवणापासून करावा.