ताल, देव आणि शेजारी

देवनार-गोवंडीच्या गल्ल्यांत वर्षभर कुठली ना कुठली मिरवणूक निघत असते. १४ एप्रिलची भीमजयंती, भाद्रपदातले गणपती, ईद-ए-मिलादचा जुलूस, नवरात्र, मधूनच कुणाची हळद. १९२७ पासून मुंबईचा कचरा या वस्तीच्या उशाशी पडतो आहे. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे एका दारात वाजलेला ताशा सगळी गल्ली ऐकते. इथल्या पोरांना नाचायला क्लब नाही, हॉल नाही. आहे तो रस्ता, आणि तोही सणावारीच मोकळा मिळतो. म्हणून इथल्या नाचाच्या संगीताचा प्रश्न काढला की देवाधर्माचा प्रश्न आपोआप निघतो.

या रस्त्याचं खास वाद्य म्हणजे बेंजो. त्याचं मूळ जपानमधलं. १९१२ मध्ये नागोयात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलं ‘ताइशोगोतो’ बनवलं. ते भारतात बुलबुलतरंग म्हणून रुळलं आणि मुंबईत विजेची जोड मिळून बेंजो झालं. सोबतीला ढोल, ताशा, झांज, रोटो, पुढे ऑक्टोपॅड. कोळीगीत, भीमगीत, सिनेमाचं गाणं, आरती, सगळं याच तारांवर वाजलं. वाजवणारे दिवसा कुठे हमाली करणारे, कुठे रिक्षा चालवणारे. सणाची सुपारी हीच त्यांची वरकड कमाई.

मग डीजे आला. ट्रकवर स्पीकरची भिंत, जनरेटर आणि मोजकी माणसं. मंडळांना ते सोयीचं वाटलं आणि पथकांच्या सुपाऱ्या घटल्या. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा ढोल-ताशा आणि बेंजोकडे मंडळं पुन्हा वळू लागली. तेवढ्यात २०२० उजाडलं, करोना आला. सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा, मिरवणुकीला मनाई. जे हात वर्षातले थोडेच दिवस वाजवून कमावतात, त्यांचे तेच दिवस गेले. २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि रस्ता पुन्हा वाजू लागला.

पण वाजवावं किती, आणि कुणासाठी? सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच, एका चर्चच्या खटल्यात, सांगितलं की इतरांची शांती मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांची याचिका होती. तक्रार मशिदी-मदरशांच्या भोंग्यांची होती. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालय म्हणालं. निकालातली एक सूचना फार बोलकी आहे: तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये. शेजाऱ्याच्या भक्तीविषयी तक्रार करायला माणूस भितो, हे यातून न्यायालयाने मान्यच केलं.

भोंग्याचा निकाल लागला, नाचाचा नाही. नाचणं ही उपासना आहे का, हा प्रश्न कोर्टाचा नव्हेच. त्याचं उत्तर परंपरांकडे मागावं लागतं, आणि या वस्तीत वारकरी, बौद्ध आणि सूफी या तिन्ही परंपरा शेजारी राहतात. वारकऱ्यांनी तर शंकाच ठेवली नाही: पावली खेळणं हेच भजन, टाळ हातात असला की पाय थांबत नाहीत. बौद्ध परंपरेत उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा नाच-गाण्यापासून दूर राहतो. रोजच्या पंचशीलात मात्र ती अट नाही. तरीही ज्या चळवळीचा विचार भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी खेडोपाडी नेला, तिच्या जयंतीत डीजे असावा का, हा वाद आंबेडकरी समाजातच कळकळीने चालतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरची पुस्तकांच्या दुकानांची रांग हे त्या वादातलं एक उत्तर.

सर्वांत बारकाईने विचार केला तो सूफींनी. समाअ, म्हणजे भक्तीचं गाणं ऐकणं, याला जुनैद बगदादींच्या नावाने तीन अटी सांगितल्या जातात: वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबतचे लोक योग्य हवेत. इमाम गझालींनी अकराव्या-बाराव्या शतकात त्यावर सविस्तर लिहिलं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांनी तर गाणारा, ऐकणारा, शब्द आणि वाद्य, या चारही गोष्टींना कसोटी लावली. गाण्यावर एवढं प्रेम करणाऱ्यांनीच त्याला एवढ्या अटी घातल्या, हे विसरता कामा नये.

डीजेची भिंत या कसोटीवर ‘सोबतचे लोक’ इथे अडखळते. ताशेवाल्याचा हात दुखतो, तो थांबतो, समोरच्या म्हातारीकडे बघून काठी हलकी करतो. यंत्राला दम लागत नाही आणि ते कुणाकडे बघत नाही. बेंजोलाही भोंगा लागतो, हे खरं. तोही कान किटवू शकतो. पण त्याला वाजवणारी माणसं गल्लीतलीच असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच नळावर उभं राहायचं असतं. खोलीत तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर तोही त्या मिरवणुकीत सामील आहे, त्याची इच्छा नसताना. त्याला वगळून झालेल्या नाचाला उपासना म्हणणं जड जातं. आणि त्याचं निमित्त करून वस्तीतल्या पोरांचा नाचच बंद पाडणं, हेही तितकंच चुकीचं. ज्यांच्याकडे बंद दारांचे हॉल आहेत, त्यांच्या पार्ट्यांवर कुणी धर्माचा खल करत नाही.

योग्य वेळेची अट मुंबईने अलीकडे प्रत्यक्षात पाळलेली दिसते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुस्लिम संघटनांनी शहरातला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला होतं. जुलूस १८ ला निघाला. २०२५ मध्येही तो विसर्जनानंतर, ८ सप्टेंबरला निघाला. त्यासाठी कुठल्या न्यायालयाला आदेश द्यावा लागला नव्हता.