गाळलेले सूर

रॉक संगीत म्हणजे नुसता दणदणाट, असे ज्याला वाटत असेल, त्याने ‘स्टीली डॅन’ या अमेरिकन मंडळींची १९७७ साली निघालेली ‘एझा’ ही ध्वनिमुद्रिका एकदा निवांतपणे ऐकावी. गाणी सात, सारा खेळ सुमारे चाळीस मिनिटांचा. वॉल्टर बेकर आणि डोनल्ड फेगन या दोघांनी रॉकच्या ओसरीवर जॅझला असे आणून बसवले आहे, की यजमान कोण नि पाहुणा कोण हे कळू नये! शीर्षकगीतात जॅझमधले थोर वादक वेन शॉर्टर यांचा सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅड यांचे ड्रम्स एकमेकांना भिडतात, तेव्हा सवाल-जवाब रंगल्याचा भास होतो.

पण माझे मन अडते ते ‘पेग’ या गाण्यापाशी. त्यातल्या गिटारच्या एका छोट्याशा तुकड्यासाठी एकामागून एक नामांकित वादक बोलावले गेले. त्यांनी वाजवले आणि ते बाजूला ठेवण्यात आले. अखेर जे ग्रेडन यांचे वादन पसंत पडले. आपल्या कानांवर येते ते तेवढेच. मग बाकीच्यांच्या श्रमांचे काय? सौंदर्यासाठी माणसाने माणसाला इतके निष्ठुरपणे गाळावे काय?

मला वाटते, गाळावे. भिडेखातर कलावंत उणे ते स्वीकारू लागला, तर तो ऐकणाऱ्याला फसवतो. शिवाय गाळलेले वादक काही कमअस्सल नव्हते. त्यांचे वाजवणे त्या गाण्याच्या मापाचे नव्हते, इतकेच. अंगाला न बसलेला सदरा काही वाईट शिवलेला नसतो.

खरी अडचण पुढेच आहे. ध्वनिमुद्रणगृहातला हा न्याय आपण हळूच घरात आणतो. स्नेहसंमेलनात एकच मुलगी गाणार असते. उरलेल्या मुलींना निकाल सांगताना माझ्यासारख्या मास्तराची जीभ जड होते. त्यांतली एखादी घरी जाते, तो ‘तुझीच निवड का नाही झाली?’ हा प्रश्न दारात उभाच! तिथे सुराबरोबर माणूसही गाळला जातो. फीत पुसून पुन्हा वाजवता येते. लेकराचे मन तसे पुसता येत नाही.

आपल्या आया या बाबतीत अधिक शहाण्या. पाहुण्यांच्या ताटलीत अखंड चकल्या जातात, मोडलेल्या घरच्यांच्या वाट्याला येतात. पण म्हणून भाजणीला कोणी नावे ठेवीत नाही. निवड खुशाल कठोर असू द्यावी. निवडणाऱ्याची जीभ तेवढी मऊ असावी.